एचओएच्या वस्तीत पहिलं घर: ऑफर देण्यापासून पहिल्या नोटिशीपर्यंत

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतली एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना (होमओनर्स असोसिएशन), समजायला जरा उशीरच लागतो, कारण त्याला वाटतं की हे तर आपल्याला माहीतच आहे. मेन्टेनन्स भरायचा, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून वाद घालायचा, गळती झाली की सेक्रेटरीचं दार वाजवायचं. डॅलसच्या उत्तरेला घर घेतलं तेव्हा आम्हीही याच समजुतीत होतो. क्लोजिंगला, म्हणजे घर आमच्या नावावर झाल्याला, तीन आठवडे झाले आणि एक पत्र आलं. आत फोटो: आमच्या गराजची बाजू, कुंपणाच्या कडेपासून वीतभर पुढे आलेला रिसायकलिंगचा निळा डबा, कोपऱ्यात तारीख आणि वेळ, गुरुवार सकाळी ११:४०. खाली नियमाचा क्रमांक आणि दहा दिवसांची मुदत.

नवरा म्हणाला, "मी जाऊन बोलून येतो." कोणाशी बोलणार? पत्ता चाळीस मैलांवरच्या एका मॅनेजमेंट कंपनीचा होता. फोन केला तर पोर्टलवर लिहून पाठवा म्हणाले. पुढे मी स्वतः आमच्या वस्तीच्या आर्किटेक्चरल कमिटीवर, म्हणजे घराच्या बाहेरच्या बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीवर, दोन वर्षं होते, तेव्हा दुसरी बाजूही दिसली. तिथेही तेच. बोर्डावरचा शेजारी कितीही गोड बोलला, "हो हो, लाव की" म्हणाला, तरी फाइलमध्ये कागद नसेल तर ते बोलणं झालंच नाही असं धरायचं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच अनुभवातून आलंय.

ऑफर देण्याआधी: नक्की काय विकत घेतोय?

आधी रिअल्टरला, म्हणजे घराच्या दलालाला, विचारा की सदस्यत्व सक्तीचं आहे का. बहुतेक नव्या वस्त्यांत ते सक्तीचंच असतं. घर घेतलं की तुम्ही आपोआप सभासद, राजीनामा देण्याची सोय नाही. घर विकलं तरच सुटका. काही जुन्या वस्त्यांत मात्र ते ऐच्छिक असतं.

मग ड्यूज, म्हणजे एचओएची वर्गणी, किती आणि कधी ते विचारा. "चारशे डॉलर" एवढ्यावर समाधान मानू नका. ते महिन्याचे, तिमाहीचे की वर्षाचे? एकाच वस्तीला दोन एचओए असू शकतात, एक मोठ्या मास्टर वस्तीची आणि एक आतल्या छोट्या भागाची. ड्यूज बहुधा घराच्या हप्त्याबरोबर एस्क्रोतून (कर-विम्यासाठी बँक पैसे ठेवते त्या खात्यातून) जात नाहीत, ते वेगळे भरावे लागतात. बँक मात्र कर्जाची पात्रता मोजताना ते धरते. राहत्या घराच्या ड्यूजवर आयकरात वजावटही मिळत नाही. टेक्सासात आणखी एक घोळ होतो: एमयूडी किंवा पीआयडी असं काही कानावर पडतं आणि लोक ते एचओएच समजतात. ते वेगळं. पाणी, रस्ते, सांडपाणी यांच्या खर्चासाठीची ती सरकारी आकारणी असते आणि ती ड्यूजच्या वर येते.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: छप्पर कोणाचं? स्वतंत्र घर असेल तर छप्पर, भिंती, कुंपण, लॉन सगळं तुमचं. एचओए रस्त्याकडेची झाडं, स्विमिंग पूल, क्लबहाऊस, प्रवेशद्वार असं सामायिक सांभाळते. काँडो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, असेल तर तुमचं साधारणपणे भिंतींच्या आतलं, बाकी इमारत सगळ्यांची. टाउनहाऊस, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेलं घर, या दोघांच्या मध्ये कुठेतरी, आणि कुठे ते फक्त कागदच सांगतो. विमा यावरच ठरतो. स्वतंत्र घराला लोक बहुधा एचओ-३ नावाची पॉलिसी घेतात, काँडोला एचओ-६. दोन्हीकडे "लॉस असेसमेंट" नावाची छोटी जोड असते. सामायिक मालमत्तेच्या नुकसानीचा वाटा तुमच्यावर आला तर ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत कामी येते. थोडक्या पैशात मिळते, मागून घ्या.

कागद कसे वाचायचे

मुख्य कागद म्हणजे सीसी अँड आर. ही जमिनीला चिकटलेली अटींची यादी. काउंटीच्या दफ्तरात नोंदलेली असते, मालक बदलला तरी ती तिथेच. बायलॉजमध्ये बोर्ड, मतदान, सभा. त्याखाली बोर्डाने वेळोवेळी केलेले नियम आणि डिझाइन गाइडलाइन्स, म्हणजे रंग, कुंपणाची उंची, मेलबॉक्सचा नमुना. हे वरचेवर बदलतात. सीसी अँड आर बदलायला मात्र सभासदांचं मोठं बहुमत लागतं, म्हणून तो कागद एकदा नीट वाचून ठेवला की वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

दीडशे पानं असतात. सगळी वाचा असं म्हणणाऱ्यांनी बहुधा स्वतः वाचलेली नसतात. पीडीएफ उघडा आणि शब्द शोधा: भाडं, पार्किंग, पाळीव प्राणी, कुंपण, शेड, दंड. मग तुमच्या आयुष्याशी ताडून बघा. दोन गाड्या आणि आई-बाबा आले की तिसरी? रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी आहे का? ऑफिसची कंपनीचं नाव रंगवलेली व्हॅन घरी येते का?

आपल्या लोकांनी भाड्याचं कलम तर दोनदा वाचावं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी सिॲटलला गेली किंवा घरच्या कारणाने भारतात परतावं लागलं, तर "घर भाड्याने देऊ" ही आपली ठरलेली योजना असते. पण कित्येक एचओएंत एकूण घरांपैकी ठरावीक टक्केच भाड्याने देता येतात, रांग असते. कुठे पहिली एक-दोन वर्षं देताच येत नाही, कुठे सहा महिन्यांपेक्षा कमी करार चालत नाही. ओळखीतल्या एका जोडप्याला हे नोकरी गेल्यावर कळलं आणि घर पडत्या भावात विकावं लागलं.

नियमांपेक्षा पैशाचे कागद कमी लोक वाचतात, आणि मी त्यांनाच जास्त मानते. तीन गोष्टी मागा: चालू वर्षाचं बजेट, रिझर्व्ह स्टडी आणि मागच्या वर्षभराच्या बोर्ड मीटिंगची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं. रिझर्व्ह म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा: पूलचं नूतनीकरण, खाजगी रस्ते, काँडोचं छप्पर. ड्यूज फार कमी दिसल्या की लोक खूश होतात. मला शंका येते. साठवण नसेल तर काम निघालं की स्पेशल असेसमेंट येते, म्हणजे एकरकमी वर्गणी, आणि ती काही हजारांतही असू शकते. फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये २४ जून २०२१ रोजी शँप्लेन टॉवर्स साउथ ही काँडो इमारत कोसळून ९८ माणसं गेली. त्या इमारतीत कोट्यवधी डॉलरच्या दुरुस्तीवरून आधी बराच काळ वाद चालू होता. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या काँडो इमारतींना बांधणीसाठीच्या रिझर्व्हचा अभ्यास सक्तीचा केला. कॅलिफोर्नियात दर तीन वर्षांनी निदान एकदा सामायिक भागांची प्रत्यक्ष पाहणी करून रिझर्व्हचा हिशेब मांडावा लागतो. काँडो घेत असाल तर हा कागद न बघता ऑफर देऊ नका.

मिनिट्समध्ये कोर्टकचेरी चालू आहे का, बिल्डरशी भांडण आहे का, ड्यूज किती लोकांनी थकवल्या आहेत, हे दिसतं. एका वस्तीच्या मिनिट्समध्ये मला सलग पाच महिने एकच विषय दिसला: तळ्याच्या बांधाची दुरुस्ती, "पुढील सभेत चर्चा". ते घर आम्ही सोडलं.

नवी वस्ती असेल तर आणखी एक. घरं विकून होईपर्यंत एचओएवर बिल्डरचा ताबा असतो. त्या काळात ड्यूज मुद्दाम कमी ठेवलेल्या असू शकतात, कारण घरं विकायची असतात. फ्लोरिडात ९० टक्के घरं विकली गेल्यावर तीन महिन्यांनी बोर्डाचं बहुमत निवडण्याचा हक्क रहिवाशांकडे येतो. इतर राज्यांत वेगळे टप्पे आहेत. ताबा बदलला की ड्यूज वाढायची शक्यता धरूनच हिशेब करा.

जुन्या वस्तीचे कागद वाचताना कधी कधी एक ओळ समोर येते: इथे फक्त गोऱ्या वंशाच्या माणसांनीच राहावं. घाबरू नका. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत राबवता येणार नाहीत असं ठरवलं आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टने तसा भेदभावच बेकायदा केला. शाई मात्र कागदावर राहिली आहे. आपल्याच घराच्या कागदात ती वाचताना कसं वाटतं हे सांगायला नको.

क्लोजिंगच्या आधी

टेक्सासात विक्रेत्याकडून रीसेल सर्टिफिकेट मागा; फ्लोरिडात याच कामाच्या कागदाला एस्टॉपेल म्हणतात. त्या घरावर काही थकबाकी आहे का, मंजूर झालेली स्पेशल असेसमेंट आहे का, हे त्यात येतं. टेक्सासच्या सर्टिफिकेटात घरावरची माहीत असलेली उल्लंघनंही येतात. जुन्या मालकाने परवानगीशिवाय बांधलेली शेड उद्या तुमची डोकेदुखी होते, तेव्हा उल्लंघन दिसलं तर ते मिटवूनच पुढे जा. टेक्सासात २०२१ पासून या कागदासाठी ३७५ डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. तिथल्या नेहमीच्या खरेदी करारात, कागद मिळाल्यापासून तीन दिवसांत करार मोडण्याची सोय असलेला पर्याय असतो. तो निवडलाय ना, ते रिअल्टरला विचारा. ट्रान्सफर फी आणि सुरुवातीची एकरकमी वर्गणी कोण भरणार, हेही ऑफरमध्येच लिहून घ्या.

क्लोजिंगला मिळणारी सर्व्हेची पीडीएफ, म्हणजे प्लॉटच्या हद्दींचा नकाशा, जपून ठेवा. ती परत परत लागते.

पहिला महिना

पोर्टलवर खातं उघडा, ऑटोपे लावा. टपालाचा पत्ता भाड्याच्या जुन्या अपार्टमेंटचा राहिला असेल तर बदला. नोटीस तिकडे गेली तरी ती मिळाली असंच धरलं जातं. पूलचं फोब (इलेक्ट्रॉनिक किल्ली) आणि कम्युनिटी मेलबॉक्सच्या किल्ल्या जुन्या मालकाकडून घ्या. कचऱ्याचा दिवस, डबे किती वाजता बाहेर काढायचे आणि कधी आत घ्यायचे, ते फ्रिजवर चिकटवा.

लॉन हा आपल्यापैकी बहुतेकांसाठी नवा विषय. गवताची उंची, फुटपाथच्या कडेची कापणी आणि तण, या तीन गोष्टींवरून सगळ्यात जास्त पत्रं निघतात. सुरुवातीचं वर्ष तरी माणूस लावावा असं माझं मत. मशीन घेऊन, शनिवार घालवून, वर पत्र मिळवण्यात काही अर्थ नाही.

बाहेरून दिसणारं काहीही बदलायचं असेल तर

आतमध्ये किचन पाडा, कोणी विचारणार नाही (काँडोत मात्र विचारतील). बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आधी आर्किटेक्चरल कमिटीची मंजुरी: कुंपण, पॅटिओचं छप्पर, शेड, दरवाज्याचा रंग, झाड तोडणं, कधी कधी झाड लावणंसुद्धा.

मी कमिटीवर होते तेव्हा निम्मेअधिक अर्ज परत जायचे ते कल्पना वाईट म्हणून नाही, अपुरे म्हणून. "मागे छोटी शेड बांधायची आहे, कृपया परवानगी द्यावी." किती छोटी? कुठे? कसली? एकाने मात्र अर्जासोबत सर्व्हेच्या प्रतीवर पेनाने चौकोन काढून कुंपणापासूनचं अंतर फुटात लिहिलं होतं, शेडच्या दुकानातल्या पानाचा फोटो, भिंतीला जुळणाऱ्या रंगाची चिप, आणि जोडीला बाजूच्या कुंपणाचा फोटो, ज्यात शेडचं टोक किती दिसेल ते रेघ मारून दाखवलेलं. पाच मिनिटांत मंजूर. असाच अर्ज करा.

अर्ज पोहोचल्याची पोच घ्या. कित्येक कागदांत लिहिलेलं असतं की ३० किंवा ४५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजावं. काहींत नेमकं उलटं, नामंजूर समजावं. तुमच्या कागदात काय आहे ते बघून मगच काम सुरू करा. आणि एचओएची मंजुरी म्हणजे शहराचं परमिट नव्हे. दोन्ही वेगवेगळी लागतात. कुंपणाचे खांब रोवायच्या आधी ८११ वर फोन करा, जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन्स फुकट खुणा करून देतात.

काही गोष्टींना एचओए सरसकट नाही म्हणू शकत नाही. तुमच्या स्वतःच्या छपरावर किंवा अंगणात एक मीटरपर्यंतची डिश लावण्याचा हक्क एफसीसी या केंद्रीय दूरसंचार आयोगाच्या १९९६ च्या नियमाने दिलाय. सोलरबद्दल कॅलिफोर्नियाचा कायदा १९७८ पासूनचा आहे, टेक्सासातही संरक्षण आहे. पॅनेल कुठे आणि कसे बसवायचे यावर मात्र अटी घालता येतात. फ्लोरिडात कपडे वाळत घालायच्या दोरीवर बंदी घालता येत नाही. आमच्या वस्तीत मात्र तशी बंदी होती, आणि माझ्या सासूबाईंनी कुंपणावर वाळत घातलेली नऊवारी मी आत आणली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते कुठल्याच कलमात बसत नाही.

सण, तुळस, पाहुणे

दारावरचं तोरण, गणपतीची टाइल, ओम यांची काळजी टेक्सासात फारशी नको. धर्मश्रद्धेपोटी लावलेल्या वस्तूंना तिथे कायद्याचं संरक्षण आहे आणि २०२१ मध्ये ते दारापुरतं न राहता घराच्या आवारालाही लागू झालं. सुरक्षितता, हद्दीपासूनचं अंतर असे अपवाद आहेत. इतर राज्यांत आधी बघा. मागच्या अंगणातल्या तुळशीला कोणी काही म्हणत नाही. पुढच्या अंगणात वृंदावन बांधायचं म्हटलं तर ते बांधकाम, म्हणजे अर्ज.

दिव्यांचा प्रश्न खरा असतो. बऱ्याच नियमांत सणाच्या रोषणाईची मुदत थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आसपास सुरू होते आणि जानेवारीत संपते. आपली दिवाळी ऑक्टोबरात आली की आकाशकंदील नियमाबाहेर. आमच्या वस्तीतल्या सात-आठ घरांनी मिळून, सप्टेंबरात, बोर्डाला एक साधं पत्र लिहिलं: दिवाळीच्या आधी आणि नंतर ठरावीक दिवस जोडावेत. पुढच्या सभेत नियम बदलला. एकट्याने नोव्हेंबरात भांडून हे झालं नसतं.

वास्तुशांत किंवा गणपतीला चाळीस माणसं येणार असतील तर गाड्यांचा विचार आधी करा. मेलबॉक्स आणि फायर हायड्रंटसमोर गाडी लागली की शेजाऱ्याचा फोन ठरलेला. दोन दिवस आधी आजूबाजूच्या घरांना एक चिठ्ठी, वर चार लाडू. हे मात्र बोलून होतं. क्लबहाऊस घ्यायचं असेल तर होम-हवन, समई, उदबत्ती चालेल का ते बुक करतानाच विचारा. धुराचा अलार्म वाजला तर डिपॉझिट गेलंच म्हणून समजा.

नोटीस आली तर

पहिलं पत्र बहुधा नुसती आठवण असते. शेजाऱ्याने तक्रार केली म्हणून त्याच्यावर डूख धरू नका. बहुतेक वेळा मॅनेजमेंट कंपनीचा माणूस गाडीतून फेरी मारतो आणि फोटो काढतो. आमचा निळा डबाही त्यानेच टिपला होता.

उल्लंघन खरं असेल तर दुरुस्त करा, तारखेसह फोटो काढा, पोर्टलवर टाका आणि "प्रकरण बंद केल्याचं कळवा" असं लिहा. बंद झाल्याचं लेखी उत्तर येईपर्यंत सोडू नका. उल्लंघन नसेल तर कोणता नियम, कोणतं कलम, हे विनम्रपणे विचारा. वेळ हवा असेल तर मुदत संपायच्या आत मागा. पानगळीत लावलेलं गवत वसंताशिवाय येणार नाही, हे त्यांनाही कळतं.

दंडाआधी तुमचं म्हणणं मांडायची संधी असते. टेक्सासात स्वतंत्र घरांच्या एचओएला रीतसर लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती पाठवल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला बोर्डासमोर सुनावणी मागता येते. २०२४ पासून दंडाचं लेखी धोरणही ठेवावं लागतं. फ्लोरिडात १४ दिवसांची नोटीस आणि बोर्डाशी संबंध नसलेल्या निदान तिघांची समिती लागते. कॅलिफोर्नियात २०२५ पासून बहुतेक दंडांना १०० डॉलरची मर्यादा आहे, आरोग्य-सुरक्षिततेचे विषय सोडून.

नोटिशीच्या रागात ड्यूज थांबवू नका. ही चूक शिकलेली माणसं करतात. थकलेल्या ड्यूजसाठी घरावर लियन, म्हणजे थकबाकीचा बोजा, येऊ शकतो आणि पुढे घर लिलावापर्यंत जाऊ शकतं, घराचा हप्ता वेळच्या वेळी जात असला तरी. टेक्सासात नुसत्या दंडासाठी घर काढून घेता येत नाही, ड्यूजसाठी येतं. कॅलिफोर्नियात त्याआधी थकबाकी १,८०० डॉलरवर किंवा १२ महिन्यांवर जावी लागते. पैशाची खरीच अडचण असेल तर लगेच लिहून हप्ते मागा. टेक्सासात १४ पेक्षा जास्त घरांच्या एचओएला ते द्यावे लागतात, निदान तीन महिन्यांचे. वकिलाकडे फाइल गेली की त्याची फी मूळ रकमेच्या पुढे पळते.

सभा आणि बोर्ड

बोर्डावरची माणसं बिनपगारी असतात, तुमच्यासारखीच, दिवसभराची नोकरी करून आलेली. वार्षिक सभेला कोरम भरत नाही हे नेहमीचं. जाता येत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देण्याचं अधिकारपत्र, भरून द्या. बजेट ठरतं ती सभा मात्र चुकवू नका. बोर्डावर उभं राहायला फार काही लागत नाही, बऱ्याचदा जागा तीन आणि उमेदवार तीनच. आमच्याकडे स्विमिंग पूलची वेळ संध्याकाळी आठवरून दहावर गेली ती एका निवृत्त आजोबांमुळे, जे प्रत्येक सभेला यायचे आणि शेवटी हात वर करून तोच एक प्रश्न विचारायचे.

विकताना

वर्षभर आधी पोर्टलवर एखादं जुनं उल्लंघन उघडं राहिलंय का ते बघा. मंजुरीची सगळी पत्रं एका फोल्डरमध्ये ठेवलेली असतील तर खरेदीदाराच्या प्रश्नांना पाच मिनिटांत उत्तरं देता येतात. ऑटोपे क्लोजिंगनंतर बंद करा, आधी नाही. आणि पूलची फोबं मोजून द्या. आम्हाला तीन मिळाली होती, एक कुठल्या तरी उन्हाळ्यात हरवलं, आणि त्याचे पन्नास डॉलर क्लोजिंगच्या हिशेबात वेगळ्या ओळीवर छापून आले.